विंडोज सोडून लिनक्स मिंटवर आलात? विजेट्स टाकायच्या आधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, टाकून इकडे येणारे बरेच दिसायला लागलेत. सगळ्यांचं मनापासून स्वागत. मला इकडे येऊन आता बरीच वर्षं झाली, आणि नवीन माणसाचा पहिल्या काही दिवसातला हमखास प्रश्न म्हणजे डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, सीपीयूचा मीटर असली छोटी विजेट्स कशी लावायची. विंडोजवर त्यासाठी रेनमीटर हा प्रोग्रॅम वापरलेले लोक तर सगळ्यात आधी हेच विचारतात आणि रेनमीटर इथे चालत नाही म्हटलं की हिरमुसतात. हिरमुसू नका, मिंटमधे ही सोय आधीपासून आहे, फक्त विजेट घ्यायचं कुठून आणि नंतर ते अपडेट कसं ठेवायचं एवढं एकदा नीट समजून घ्या.

मी इथे मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपचंच (म्हणजे पॅनेल, मेनू, खिडक्या दाखवणाऱ्या भागाचंच) सांगतोय कारण नवीन येणारे बहुतेक त्यावरच असतात. वॉलपेपरवर बसतं ते डेस्कलेट, खालच्या पट्टीवर बसतं ते ॲपलेट, आणि या सगळ्यांना मिळून स्पाइसेस म्हणतात. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ॲड डेस्कलेट्स घ्या, किंवा सिस्टिम सेटिंग्जमधून डेस्कलेट्स उघडा. तिथे मॅनेज आणि डाउनलोड असे दोन टॅब आहेत. डाउनलोडमधे यादी रिकामी किंवा जुनी वाटली तर आधी रिफ्रेश करा, हवं ते उतरवा, मग परत मॅनेजमधे येऊन ते निवडून अधिकच्या चिन्हावर क्लिक करा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि मग विचारतात की डाउनलोड केलं पण दिसत का नाही. नुसतं उतरवून ते डेस्कटॉपवर येत नाही, लावावं लागतं.

आता खरा मुद्दा. विंडोजवर आपल्याला सवय असते की सर्च करायचं, जी साइट वर येईल तिथून फाइल घ्यायची आणि नेक्स्ट नेक्स्ट करत सुटायचं. ती सवय इकडे आणू नका. जुन्या व्हिडिओंमधे अजूनही दाखवतात की अमुक साइटवरून झिप घ्या, होम फोल्डरमधल्या लपलेल्या फोल्डरात उघडा, सिनॅमन रीस्टार्ट करा वगैरे. चालतं तसं, नाही असं नाही, पण जी गोष्ट मिंटच्या यादीतच नाही तिचं अपडेट तुम्हाला येणार कुठून? आज छान चालतंय, वर्षभराने सिनॅमन बदलतं आणि ते विजेट एक तर बंद पडतं किंवा सगळा डेस्कटॉप अडकवतं, आणि तोपर्यंत ते कुठून आणलं होतं हेही आठवत नसतं.

अडकवतं म्हणतो त्याला कारण आहे. डेस्कलेट हा वेगळा प्रोग्रॅम नसतो, तो जावास्क्रिप्टमधे लिहिलेला असतो आणि सिनॅमनच्या आतच चालतो, त्यामुळे तो बिघडला की पॅनेल, मेनू, खिडक्या सगळंच जड होतं. शिवाय तो तुमच्याच परवानगीने चालतो, म्हणजे तुमच्या फायली तुम्ही वाचू शकता तशा तोही वाचू शकतो. हे लिनक्सपुरतं नाही. विंडोज ७ मधले गॅजेट्स आठवत असतील, जुलै २०१२ मधे सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टनेच ते बंद करा म्हणून सांगितलं होतं. आणि मार्च २०२४ मधे केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या स्टोअरवरची एक ग्लोबल थीम (सगळं रूप एकदम बदलणारी) लावल्यावर एका माणसाच्या स्वतःच्या फायली उडाल्या होत्या, ती तर नुसती थीम होती. मिंटच्या यादीतल्या स्पाइसेसचा कोड एका ठिकाणी सगळ्यांना बघायला उघडा असतो आणि बदल आत घ्यायच्या आधी कुणीतरी तो बघतं. शंभर टक्के हमी नाही, पण अनोळखी झिपपेक्षा कितीतरी बरं.

अपडेटचं काम तर मिंट २०.२ पासून, म्हणजे २०२१ पासून, फारच सोपं झालंय. तेव्हापासून स्पाइसेसची अपडेट्स अपडेट मॅनेजरमधेच, बाकी सिस्टिमच्या अपडेट्सबरोबर दिसतात. तेही बघायचं नसेल तर अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमधे ऑटोमेशन टॅब आहे, तिथे स्पाइसेस आपोआप अपडेट करायचा पर्याय चालू करून टाका. आई-बाबांचा लॅपटॉप मिंटवर आणलात तर हे पहिल्याच दिवशी करा, कारण ते स्वतःहून तिकडे जाणार नाहीत.

हवामानाच्या विजेटबद्दल वेगळं सांगायला हवं. ते माहिती बाहेरच्या सेवेकडून घेतं, आणि ती सेवा बंद झाली किंवा तिचे नियम बदलले की तुमच्याकडे सगळं ठीक असून विजेट कोरं दिसतं. अशा वेळी सिस्टिम फॉरमॅट करायला धावू नका, आधी अपडेट आलंय का बघा, मग त्याच्या सेटिंग्जमधे दुसरी सेवा निवडता येते का बघा, काहींना त्या सेवेची फुकटची एपीआय की (वापरासाठीचा कोड) लागते, ती स्वतःच्या नावाने घ्यायची.

घड्याळात वार आणि महिना मराठीत हवा असेल तर वेगळं मराठी विजेट शोधत बसायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. सेटिंग्जमधे लँग्वेजेस उघडा, भाषा इंग्लिशच राहू दे हवी तर, पण रीजन आणि टाइम फॉरमॅट मराठी करा, यादीत मराठी नसेल तर तिथूनच आधी इन्स्टॉल करा, मग लॉगआउट करून परत या. बरीचशी घड्याळं तारीख सिस्टिमकडूनच घेतात, त्यामुळे "सोमवार" आपोआप दिसायला लागतो. मला तरी अजून ते बघून छान वाटतं.

काही अडकलंच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकदम दाबा, फक्त सिनॅमन रीस्टार्ट होतं आणि उघडलेली कामं तशीच राहतात. मग शेवटी टाकलेलं डेस्कलेट काढून बघा. आणि सिस्टिम आधीच्या स्थितीला परत नेणाऱ्या टाइमशिफ्टच्या भरवशावर इथे राहू नका, ते नेहमीच्या सेटिंगमधे होम फोल्डर घेत नाही आणि तुमची विजेट्स नेमकी होम फोल्डरमधेच असतात. सिस्टिम मागे जाईल, विजेट तिथेच राहील. म्हणून मिंटचं मोठं अपग्रेड करायच्या आधी फाइल मॅनेजरमधे कंट्रोल एच दाबून लपलेले फोल्डर दिसू द्या, डॉट लोकलमधल्या शेअरमधला सिनॅमन फोल्डर आणि डॉट कॉन्फिगमधला सिनॅमन फोल्डर, दोन्ही पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.

केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपवर गेलात तर तिथेही हाच हिशोब, विजेट्सच्या खिडकीतूनच नवीन घ्या, अपडेट्स डिस्कव्हर या तिथल्या सॉफ्टवेअर स्टोअरमधे येतात. फक्त २०२४ च्या फेब्रुवारीत प्लाझ्मा ६ आलं तेव्हा प्लाझ्मा ५ ची विजेट्स नव्याने जुळवून घ्यावी लागली, ज्यांच्या लेखकांनी ते केलं नाही ती तिथेच संपली, तेव्हा घेताना ६ साठी आहे ना एवढं बघा. नोम या आणखी एका डेस्कटॉपवर दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती येते आणि एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या सोयी) मागे पडतात, म्हणून तिथे अपग्रेडची घाई न करता आधी एक्स्टेन्शन मॅनेजर या ॲपमधे आपली एक्स्टेन्शन्स नव्या आवृत्तीवर चालतात का ते तपासून घ्या.