घरातल्या थकलेल्या माणसाची सेवा करताना या चुका टाळा

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं वेळेवर होतं, पण दिवसभरात त्यांच्याशी दोन शब्द बोलायला कोणाला सवड मिळत नाही, असं कितीतरी घरांत दिसतं. करणारीही मग आतून कोरडी होत जाते. ही सेवा निभवायची तर कामाइतकाच सहवासही जपायला हवा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्यांना काहीच करू न देणं. "तुम्ही नुसत्या पडून राहा हो" हे आपण मायेनं म्हणतो, पण ज्या बाईनं चाळीस वर्षं घर चालवलं, तिला ते लागतं. हात चालत असतील तर उशीला टेकवून बसवा, पुढ्यात कापूस ठेवा, वाती वळू द्या. मेथी निवडू द्या. जाडजूड वात आली तरी संध्याकाळी देवापुढे तीच लावा आणि लावली हे त्यांना सांगा. या अर्ध्या तासात आपणही शेजारी बसायचं, मोबाइल बाजूला ठेवून. दमलेल्या सुनेलाही या वेळेचा आधार होतो, हे मी खात्रीनं सांगते.

कालपर्यंत नीट बोलणारं माणूस एकाएकी बरळू लागलं, ओळखेनासं झालं, रात्रभर जागू लागलं, तर त्याला हट्ट किंवा 'म्हातारचळ' म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नवं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उगाच झालेली भांडणं आणि मागाहून छळणारी टोचणीही त्यानं टळते.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री हे एकटीनं करत राहिलात तर झोपेचं खोबरं होतं. दिराला, नणंदेला "जमेल तेव्हा या" म्हणू नका. "रविवारी आठ ते दोन तुम्ही" असं नेमकं ठरवा आणि त्या वेळेत खरंच घराबाहेर पडा.

"यातून कधी सुटणार" असं मनात येतं, बहुतेकांच्या येतं. प्रेम आटलं असा त्याचा अर्थ काढू नका. मात्र दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणंच नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.