कॅमेऱ्याचं चित्र फाटतंय? केबल बदलायच्या आधी बोर्ड तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात 8 आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) आणि रेकॉर्डिंगला एक छोटा एआरएम लिनक्स बोर्ड, म्हणजे एका पाटीवरचा छोटा कॉम्प्युटर, आणि चित्र मधूनच करडं होऊन फाटायचं. मालक म्हणायचे केबल बदला, वायरमन म्हणायचा स्विच बदला, दोन्ही बदललं तरी तेच. 8 कॅमेरे, प्रत्येकी 4 एमबीपीएस, म्हणजे 32 एमबीपीएस, बोर्डाचा लॅन पोर्ट 100 चा, मग अडतंय कुठं बे?

सरासरीवर जाऊ नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला दिवसभर माणसं येतच असतात पण नंदीध्वज होम मैदानावर आले की सगळी एकदम घुसतात ना, तसंच कॅमेऱ्याचा आय-फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र असलेली मोठी फ्रेम, येतो, 150 केबीचा असला तर 1400 बाइटची शंभरावर पॅकेटं एका दमात. सॉकेटचा (प्रोग्रॅम नेटवर्कवरून डेटा घेतो त्या दाराचा) रिसीव्ह बफर, म्हणजे आलेली पॅकेटं उचलेपर्यंत ठेवायची जागा, बऱ्याच बोर्डांवर डीफॉल्टला 200 केबीच्या आसपास असतो, आणि त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) पॅकेटमागचा स्वतःचा खर्चही धरतो, म्हणून दिसतो त्यापेक्षा बराच कमी माल मावतो.

आधी गळती शोधा. छोट्या बोर्डांवरच्या बिझीबॉक्स या कमांडसंचातलं नेटस्टॅट ही आकडेवारी देत नाही, म्हणून सरळ /proc/net/snmp ही फाइल उघडा आणि यूडीपीच्या (हरवलेलं पॅकेट परत न मागवणारी पद्धत, आमचे कॅमेरे त्यावरच होते) ओळीत रिसीव्ह बफर एरर्सचा (RcvbufErrors) आकडा वाढतोय का बघा. वाढत असेल तर ही गळती केबलची नाही, बोर्डातली आहे. हा आकडा शांत आणि लॅन पोर्टचे एरर वाढतायत, तरच केबल-स्विचकडं वळा.

मग कर्नलची आरमेम मॅक्स (net.core.rmem_max, रिसीव्ह बफरची कमाल) मर्यादा 4194304 बाइट करा, आणि प्रोग्रॅममध्ये सॉकेटलाही तेवढाच बफर मागा. फक्त प्रोग्रॅममध्ये मागितला तर कर्नल गुपचूप जुन्या मर्यादेवर आणून ठेवतो, एररपण देत नाही, आमचा अख्खा दिवस यातच गेला.

पण खरा दोषी वेगळाच निघाला. पॅकेट उचलणारा थ्रेडच (प्रोग्रॅममधला एक कामकरी) हार्डडिस्कवर लिहायचा, डिस्क अडली की उचलणंच बंद. उचलायला एक थ्रेड, लिहायला दुसरा, मध्ये रांग, एवढं केलंच पाहिजे, नाहीतर बफर कितीही वाढवा, भरणारच. एवढं करूनही सीपीयू दमत असेल तर recvmmsg हा सिस्टिम कॉल वापरा, एका कॉलमध्ये बरीच पॅकेटं येतात.

नुसतं रेकॉर्डिंगच हवं असेल आणि कोड हातात नसेल तर आरटीएसपी (कॅमेऱ्याकडून चित्र मागवायची पद्धत) यूडीपीऐवजी टीसीपीवर टाका, वाटेत हरवलेलं पॅकेट परत मागवलं जातं, लाइव्ह चित्र थोडं मागं पडेल इतकंच.