निर्वासित मुलांना क्लबाच्या मैदानापर्यंत नेताना

मेलबर्नच्या आग्नेयेला असलेल्या डँडेनाँग परिसरात अफगाणिस्तानातून आलेली हजारा या अल्पसंख्य समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांची मुले शाळेच्या सुट्टीत जीव तोडून फुटबॉल खेळतात, पण क्लबात नाव घालायची वेळ आली की फी, फॉर्म आणि मैदानापर्यंतचा प्रवास यांपैकी कुठेतरी गाडी अडते. स्वयंसेवकाचे खरे काम याच तीन ठिकाणी असते. त्यामुळे आपल्याला खेळ शिकवता येत नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही.

सुरुवात स्वतःच्या कागदपत्रांपासून करावी. मेलबर्न ज्यात येते त्या व्हिक्टोरिया राज्यात मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांसाठी ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’ ही तपासणी असते. स्वयंसेवकांना ती विनामूल्य मिळते आणि ५ वर्षे चालते. ती हाती आल्यावर क्लबाचे बालसुरक्षेचे नियम वाचून घ्यावेत. एकट्या मुलाला आपल्या गाडीत बसवू नये आणि निरोप द्यायचा तो पालकांना द्यावा, मुलाला परस्पर पाठवू नये. आपल्याकडे शेजारच्या काकांनी मुलांना स्कूटरवर मैदानात सोडणे नेहमीचेच होते, त्यामुळे हा नियम सुरुवातीला कोरडा वाटतो. पण तो मुलाच्या आणि आपल्याही हिताचा आहे.

नोंदणीला सर्वाधिक वेळ द्यावा. हिवाळी फुटबॉलचा हंगाम साधारण एप्रिलमध्ये सुरू होतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच कुटुंबाला भेटावे. फीसाठी राज्य सरकारच्या व्हाउचर योजनेचे अर्ज तेव्हा खुले आहेत का, हे पाहावे आणि हप्त्याने फी घेता येईल का, हे क्लबाच्या खजिनदाराला आधीच खासगीत विचारून ठेवावे; इतर पालकांसमोर हा विषय निघाला, तर वडील पुन्हा क्लबाकडे फिरकणार नाहीत. परदेशात जन्मलेल्या खेळाडूंसाठी काही वेळा जादा कागदपत्रे लागतात, त्यांची यादी नोंदणी पाहणाऱ्याकडून लेखी घ्यावी. बऱ्याच मुलांच्या कागदांवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसेल. मूळ नोंद नसल्याने ती तशी लिहिली गेलेली असते, तेव्हा वयोगट ठरवताना कोणी शंका घेतली, तर ही गोष्ट शांतपणे समजावून सांगावी.

मराठी माणसाला इथे एक अनपेक्षित सोय आहे. पाकिस्तानात, विशेषतः क्वेट्टा शहरात, वर्षे काढलेल्या अनेक हजारा कुटुंबांना उर्दू येते आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीवर चहाच्या पेल्यासोबत बरेच काम भागते. संमतिपत्र, दुखापत किंवा पैसे यांविषयी बोलायचे असेल, तेव्हा मात्र दुभाषीच घ्यावा. मुलाला आईवडिलांचा दुभाषी करू नये.

मुलींच्या बाबतीत वेळ आणि प्रवास यांचा विचार आधी करावा लागतो. जून महिन्यात मेलबर्नला सायंकाळी सव्वापाचच्या आतच सूर्य मावळतो आणि सहाचा सराव पूर्ण अंधारात होतो. त्यामुळे सरावाची वेळ अलीकडे आणता येते का, हे विचारावे आणि नाहीच जमले, तर दोन-तीन मुलींच्या पालकांनी आळीपाळीने सोबत जाण्याची व्यवस्था बसवून द्यावी. डोक्यावरच्या वस्त्राची काळजी कोणाला वाटत असेल, तर फुटबॉलच्या नियमांत २०१४ पासून त्याला मुभा आहे, हे सांगावे. २०२१ नंतर ऑस्ट्रेलियात आलेल्या अफगाण महिला क्रिकेटपटू जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नच्याच जंक्शन ओव्हलवर एकत्र खेळल्या, हे सांगितल्यावर घरातली चर्चा पुष्कळदा सैल होते.

मुलांना त्यांची कहाणी विचारू नये. मी एकदा सहज, ओळख वाढावी म्हणून, ‘तुम्ही इथे कसे आलात?’ असे विचारले आणि तोवर बडबडणारा मुलगा बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. ते बूट थोरल्या भावाचे होते आणि पुढच्या टोकात मोजे कोंबलेले होते. त्या दिवशी विचारायला हवे होते ते पायाचे माप. तेव्हापासून मी क्लबात वापरलेल्या बुटांची एक पेटी ठेवली आहे, आणि त्यातून कोणीही, कोणाला न विचारता, जोडी उचलू शकतो.

रमजानमध्ये सरावाचा ताण कमी ठेवावा. शनिवारच्या सामन्यानंतर क्लबात सॉसेज भाजतात, तिथे हलाल सॉसेजसाठी वेगळा तवा मागून घ्यावा. दोन-तीन महिन्यांनी आईवडील कडेला निवांत उभे राहू लागले, की पुढच्या आठवड्याच्या कामवाटपात त्यांचे नाव, अर्थात त्यांना विचारून, लिहावे.