ऑफिसच्या कामाला पुरेल असा डेस्कटॉप, कमी खर्चात जोडलेला

पत्रं टाइप करणं, हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल, ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, मधेच एखादी व्हिडिओ मीटिंग. एवढ्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही आणि महागडा प्रोसेसरही लागत नाही. लहान ऑफिसांना अशी मशीन जोडून देणं हे माझं रोजचं काम आहे. "कॉम्प्युटर फार हळू चालतो" अशी तक्रार आली की उघडून बघावं तर आत जुनी हार्ड डिस्क असते, नाहीतर ४ जीबी रॅम. प्रोसेसरचा दोष क्वचितच निघतो. त्यामुळे पैसा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी चिपवर डेटा साठवणारं वेगवान साधन), रॅम, पॉवर सप्लाय आणि स्क्रीनवर खर्च करावा आणि बाकी ठिकाणी हात आखडता घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

खरेदीआधी एक चौकशी जरूर करा. या मशीनवर कोणती सॉफ्टवेअर चालणार, प्रिंटर आणि स्कॅनर कोणता, डिजिटल सहीचं टोकन लावायचं आहे का? यातलं काही फक्त विंडोजवरच चालत असेल तर विंडोजचं लायसन्स बजेटमध्ये आधीच धरा. सगळं काम ब्राउझर आणि लिबरऑफिसवर (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) भागत असेल तर विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम फुकट आहे आणि साध्या हार्डवेअरवर उत्तम चालते.

प्रोसेसर निवडताना त्याच्या आतच ग्राफिक्स आहे ना, हे बघा. इंटेलच्या मॉडेल क्रमांकाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त दिसतो म्हणून तो घेतला की स्क्रीन लावायला वेगळं कार्ड आणावं लागतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. इंटेलचा आय३-१२१०० या कामाला भरपूर झाला: ४ कोअर (काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). एएमडीकडे रायझन ५ ५६००जी आहे, त्याचे ६ कोअर आहेत. मिळेल तो आणि स्वस्त पडेल तो घ्या. टायपिंग करणाऱ्याला दोघांतला फरक कळणार नाही.

मदरबोर्ड साधा चालेल. इंटेलसाठी एच६१० चिपसेटचा, एएमडीच्या ५६००जीसाठी ए५२० चा. फक्त तीन गोष्टी तपासा. बोर्डावर एम.२ एसएसडीची (थेट बोर्डावर बसणाऱ्या छोट्या पट्टीची) जागा हवी, तुमच्या मॉनिटरला जुळणारं आउटपुट हवं आणि रॅमचा प्रकार जुळायला हवा. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. ५६००जी घेणार असाल तर बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) तो ओळखण्याइतकं नवं आहे का, हे दुकानदाराकडून आधीच वदवून घ्या.

रॅम १६ जीबी घ्या, ८-८ च्या दोन काड्या. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर ते कसंबसं सुरू होतं; काम होत नाही. दोन काड्यांचा आग्रह अशासाठी की आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, आणि दोन्ही चॅनल चालू असले तर त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. बजेट अगदीच आवळलेलं असेल तर आत्ता ८ ची एक काडी घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा.

एसएसडीवर तडजोड नको. हार्ड डिस्कला फिरत्या चकतीवर योग्य जागा गाठायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. एसएसडी तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा हिश्श्यात करते. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात, म्हणून फरक एवढा जाणवतो. एनव्हीएमई प्रकारची (एम.२ जागेत बसणारी, वेगवान), ५०० जीबीच्या आसपासची एसएसडी पुरे.

आता पॉवर सप्लाय, म्हणजे आपला एसएमपीएस. आय३-१२१०० जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो, पूर्ण मशीन बहुतेक वेळ १०० वॅटच्या आतच असतं. त्यामुळे ४०० ते ४५० वॅटचा पुरतो, पण तो नावाजलेल्या कंपनीचा हवा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा मी वापरत नाही, कोणाला वापरूही देत नाही. तो खराब होताना बोर्ड आणि एसएसडीलाही सोबत नेऊ शकतो. '८० प्लस' हा शिक्का फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. संरक्षक सर्किट आत आहेत की नाही, ते खोक्यावरच्या माहितीत वेगळं बघावं लागतं.

कॅबिनेट कुठलंही चालेल, हवा जायला जाळी असली म्हणजे झालं. मॉनिटर मात्र १९२० बाय १०८० चा आणि आयपीएस पॅनलचा (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा) घ्या. दिवसभर त्याच्याकडे बघायचं असतं.

जोडणीला सुरुवात टेबलावर, बोर्डाच्याच खोक्यावर करा. आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज काढून टाका. इंटेलच्या सॉकेटची तरफ उचला, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो अलगद ठेवा. वरून दाबायचं नाही. तरफ खाली आणताना मात्र चांगलाच जोर लागतो, करकर आवाज येतो आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडून बाहेर येतं. नवखी माणसं इथे दचकून थांबतात, पण हे असंच व्हायला हवं. ते झाकण जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली तर ते लागतं.

इंटेलसोबत येणाऱ्या कूलरला खाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली असते, वेगळी लावू नका. त्याच्या चार पिनांवरचा बाण काढायची दिशा दाखवतो, म्हणून बसवताना पिना उलट दिशेला फिरवलेल्या हव्यात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एका वेळी दाबा, 'टक्क' आवाज येईल. मग बोर्ड उचलून मागून बघा: चारही पिना पूर्ण बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर तिरका बसतो आणि प्रोसेसर तापतो.

रॅम दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवा. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरा. एसएसडी तिरकी सरकवून खाली दाबायची आणि बारीक स्क्रूने आवळायची.

कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या भोकांखाली पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून उंच धरणारे छोटे खुंट) आहेत का ते मोजा. जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ काढून टाका, नाहीतर शॉर्ट होतो. मागच्या पोर्टांभोवती येणारी पत्र्याची पट्टी बोर्डाआधी बसवा. मग २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर लावा. ही दुसरी वरच्या कोपऱ्यात असते आणि हमखास विसरली जाते. पुढच्या पॅनलच्या बारीक वायरींसाठी बोर्डाची पुस्तिका समोर ठेवा. स्विचची वायर कशीही लावली तरी चालते, दिव्याच्या वायरीला मात्र प्लस-मायनस पाळावं लागतं.

झाकण लावायच्या आधीच सुरू करून बघा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर आधी ती ८ पिनांची वायर बघा, मग रॅमची एकच काडी ठेवून प्रयत्न करा. डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी दोन-चार मिनिटं थांबा, बोर्ड रॅम तपासत असतो. बायोस उघडलं की पूर्ण १६ जीबी आणि एसएसडी दिसते का ते बघा, टीपीएम चालू करा (ही सुरक्षेची सोय आहे; विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं) आणि तापमानावर नजर टाका. नुसत्या बायोसमध्ये ते ७०-८० अंशांवर चढत असेल तर मशीन बंद करून कूलर पुन्हा बसवा.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या मशीनवर ते टाकू नका. इन्स्टॉल झाल्यावर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि नेटवर्कचे ड्रायव्हर घ्या, सगळे अपडेट होऊ द्या आणि प्रिंटरवर एक पान छापून बघा. ज्या दिवशी खरा डेटा या मशीनवर येईल, त्याच दिवशी बाहेरच्या एका डिस्कवर त्याची प्रत जाईल अशी सोय करा, आणि त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून ती नीट वाचता येते याची खात्री करून घ्या.