बॅलट संपलं, आता कमेंट्स निस्तरा

आमच्या वर्क ग्रुपचा कॉल न्यूयॉर्कच्या घड्याळाने सकाळी अकराला असतो. पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की साडेनऊ. जेवण उरकून, हेडफोन लावून मी ‘जिरा’ हे कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर उघडते आणि समोर दीडशेच्या आसपास तिकिटं, म्हणजे एकेका कमेंटची नोंद, दिसतात. एचएल-सेव्हन ही आरोग्य-माहितीची मानकं ठरवणारी संस्था. दवाखान्यांच्या सिस्टिम्सनी रुग्णांची माहिती एकमेकींना कशी पाठवायची, हे सांगणारं तिचं मानक म्हणजे फायर. त्यावर बेतलेल्या एका इम्प्लिमेंटेशन गाइडची, म्हणजे ते प्रत्यक्षात कसं वापरायचं हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकेची, मी सहसंपादक आहे. तिचा मसुदा बॅलटला, म्हणजे सभासदांच्या मतदानाला, टाकला होता. त्यावर जगभरच्या सभासदांनी महिनाभरात दिलेल्या या कमेंट्स. पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा पोटात गोळा आला होता. पुण्यातच सी-डॅक या सरकारी संस्थेतलं आरोग्य-नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी फायरची मार्गदर्शिका काढतं, त्यामुळे आपल्याकडेही या कामात पडणारे वाढताहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी गणित. मत तीन प्रकारचं: होकार, नकार, तटस्थ. टक्केवारी काढताना तटस्थ मतं धरत नाहीत. प्रायोगिक वापरासाठीच्या मसुद्याला ६० टक्के होकार लागतात, नॉर्मेटिव्ह म्हणजे पक्क्या मानकाला ७५. समजा ४० होकार आणि १४ नकार पडले, तर ७४ टक्के, नॉर्मेटिव्ह अडकलं. त्यातल्या दोघांनी नकार मागे घेतला की गाडी पुढे सरकते. पण टक्केवारी गाठली म्हणून उरलेल्या निगेटिव्ह, म्हणजे नकारासोबत आलेल्या, कमेंट्सकडे काणाडोळा करता येत नाही. प्रत्येकीवर वर्क ग्रुपचा निर्णय नोंदवावाच लागतो.

पहिली संध्याकाळ फक्त वर्गवारीत घालवा. शुद्धलेखनाच्या चुका, तुटलेल्या लिंक, साधे प्रश्न हे सगळं एका गठ्ठ्यात टाका. याला ब्लॉक व्होट म्हणतात: यादी काही दिवस आधी सगळ्यांना पाठवायची, कोणाला एखादं तिकीट चर्चेला हवं असेल तर त्याने ते बाहेर काढायचं, उरलेली एका मतदानात मंजूर. एकाच मुद्द्याची चार तिकिटं असतील तर एक मूळ ठेवून बाकीची त्याला जोडा. मात्र ‘डुप्लिकेट’चा शिक्का मारण्याआधी चारही शेवटपर्यंत वाचा. तिसऱ्याच्या शेवटच्या ओळीत भलताच मुद्दा लपलेला मला सापडलाय.

खरी मेहनत निगेटिव्हवर. बरेच लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. ‘मार्गदर्शन अपुरं आहे’ असं लिहितात, आणि अडचण असते ती त्यांच्या सिस्टिममध्ये ते फील्डच नसण्याची. म्हणून उत्तर लिहायला बसण्याआधी त्या माणसाशी बोला. पंधरा मिनिटांचा कॉल पुरतो.

गेल्या खेपेला एकाने निगेटिव्ह टाकलं होतं: रुग्णाची पूर्ण जन्मतारीख बंधनकारक करा. फायरमध्ये जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष किंवा वर्ष आणि महिना चालतो. मी तेवढंच लिहून तिकीट फेटाळणार होते. बोलल्यावर कळलं, त्यांचं रुग्ण जुळवणारं सॉफ्टवेअर नुसत्या वर्षावर अडखळतं. मी त्याला आमच्याकडची १ जूनची गोष्ट सांगितली. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या, आईबापांना तारीख ठाऊक नसायची, मास्तर दाखल्यावर १ जून टाकून मोकळे. आमच्या मामांची अशी जन्मतारीख आहे, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचीही तीच. तुम्ही तारीख सक्तीची केलीत तर केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस रांग हलवायला अशीच एखादी तारीख ठोकून देणार, आणि मग तुमचं सॉफ्टवेअर दोन वेगळे रुग्ण एकच समजणार. त्याला पटलं. पण त्याची अडचणही खोटी नव्हती. म्हणून निर्णय झाला ‘परसुएसिव्ह विथ मॉड’, मुद्दा मान्य पण वेगळ्या रूपात.

आता हा निर्णय लिहायचा कसा? ‘मान्य, सुधारणा करू’ असं कधीही लिहू नका. एकदा मी ‘चर्चेप्रमाणे बदल करावा’ असं लिहून ठेवलं होतं. चार महिन्यांनी बदल करायला बसले तेव्हा कसली चर्चा, ते मलाच आठवेना. आता या तिकिटावर मी असं लिहिलं: ‘जन्मतारखेचा नियम आहे तसाच राहील. त्याखाली पुढील दोन वाक्यं घालावीत: फक्त वर्ष माहीत असल्यास फक्त वर्षच पाठवावे. घेणाऱ्या सिस्टिमने महिना व दिवस स्वतःहून भरू नयेत.’ कोणीही उचलून थेट मसुद्यात चिकटवू शकेल, असा मजकूर हवा.

फेटाळतानाही कारण द्यायचंच. एकाला मधल्या नावासाठी वेगळं फील्ड हवं होतं. फायरमध्ये आडनाव वेगळं असतं आणि बाकीची नावं ‘गिव्हन’मध्ये हवी तितकी, क्रमाने बसतात, आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव त्यात अलगद मावतं. वेगळ्या फील्डची गरज नव्हती, पण त्याचा गोंधळ झाला याचा अर्थ आमचं उदाहरण तोकडं होतं. ‘नॉट परसुएसिव्ह विथ मॉड’: मागणी नामंजूर, तीन भागांच्या नावाचं उदाहरण वाढवलं.

कॉलवर कोणीतरी प्रस्ताव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मग मतं नोंदवायची: बाजूने, विरोधात, तटस्थ. ‘११-०-२’ असं. कमेंट देणाऱ्याने स्वतः हजर राहायची इच्छा नोंदवली असेल तर त्याच्या पाठीमागे निर्णय घेऊ नका, भले तो आठवडा वाया जावो. बदल नुसता भाषेचा की आशयाचा, हेही त्याच वेळी नोंदवा. नॉर्मेटिव्ह मसुद्यात आशय बदलला तर पुन्हा बॅलट घ्यावं लागतं, आणि ते शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं तर सगळ्यांचीच झोप उडते.

शेवटी नकार देणाऱ्या प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा. त्याच्या तिकिटाची लिंक, झालेला बदल आणि नकार मागे घेण्याची विनंती, बस्स. सगळ्यांना मिळून एकच निरोप टाकला तर कोणी ढुंकून पाहत नाही. जन्मतारीखवाल्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. नकार मागे घेतल्याचं त्याने कळवलं, आणि खाली विचारलं होतं, १ जूनला तुमच्याकडच्या बेकऱ्यांमध्ये केकसाठी रांगा लागत असतील ना?