वस्तीच्या बागेत काम करायचंय? बियाण्याच्या आधीचं थोडं

शहरातल्या सामुदायिक बागेत नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "लावायचं काय?" मीही तेच विचारलं होतं. जागा मिळाली, माणसं जमली आणि आम्ही झाडून सगळ्या वाफ्यांत एकाच दिवशी टोमॅटोची रोपं लावली. अडीच महिन्यांनी पंधरा दिवस नुसते टोमॅटोच टोमॅटो. वाटूनही उरले, सडले. त्यानंतर जवळजवळ दोन महिने बागेतून कुणाच्या घरी एक जुडीसुद्धा गेली नाही. १९९६ च्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षा म्हणजे काय ते सांगताना सर्वांना आणि 'सर्वकाळ' पुरेसं अन्न मिळण्यावर भर दिला होता. त्या 'सर्वकाळ'चा अर्थ मला त्या रिकाम्या वाफ्यांपाशी कळला.

तेव्हापासून आम्ही टप्प्याटप्प्याने पेरतो. मुळा महिनाभरात निघतो, पालक महिना-दीड महिन्यात. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहिलं की दर आठवड्याला काही ना काही हाती येतं. आणि पेरण्याआधी आजूबाजूच्या घरांत विचारून या: काय शिजतं, किती जणांसाठी, इंधन पुरतं का? कुणी खात नाही ती भाजी कितीही जोमाने आली तरी तिचं शेवटी खतच होतं.

मातीची परीक्षा टाळू नका. जुन्या इमारतींच्या रंगात शिसं असायचं. रंगाचे पोपडे पडून ते भिंतीलगतच्या मातीत उतरतं आणि तिथेच राहतं. फळभाज्यांच्या मानाने पालेभाज्या आणि कंदमुळांतून ते पोटात जाण्याचा धोका जास्त. अहवाल येईपर्यंत बाहेरून आणलेल्या चांगल्या मातीचे, फूटभर उंचीचे वाफे करा. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती पायाखाली दबत नाही.

जागेचा करार लेखी हवाच. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्मवर सुमारे १४ एकरांत शेकडो कुटुंबं भाजी पिकवत होती. २००६ मध्ये त्यांना तिथून हटवलं गेलं. जमीन त्यांच्या मालकीची नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते वाटपाने. आम्ही फाटकाजवळ एक टेबल ठेवलं होतं, वर पाटी: 'गरजूंसाठी मोफत'. संध्याकाळपर्यंत जुड्या तिथेच माना टाकून पडायच्या. एक बाई रोज त्या टेबलावरून नजर वळवून पुढे निघून जायच्या. त्यांच्या घरी भाजीची गरज आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या पाटीखाली हात पुढे करणं त्यांना जमत नव्हतं, आणि चूक आमची होती. आम्ही पाटी काढली. तोडणीच्या दिवशी जो येईल त्याने तोडायचं आणि घेऊन जायचं. कोण किती वेळ राबलं याची नोंद नाही.

बागेने धान्याची गरज भागत नाही, घरभाडं तर नाहीच नाही. ताटात ताजी भाजी मात्र येते, आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी भाजीच गळते, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं.

त्या बाई आता तोडणीला सगळ्यांच्या आधी येतात. पालक मुळासकट उपटू नका, बाहेरची पानं खुडा, मधला कोंब राहू द्या, हे नव्या लोकांना त्या वाफ्याशी बसून दाखवतात.