क्रायोग्लोब्युलिन टेस्ट: ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या कलेक्शन सेंटरवरून आमच्या वाशीच्या लॅबमध्ये सॅम्पल आलं ते बर्फाच्या डब्यातून. पोरानं इमानेइतबारे थंड ठेवलं होतं. बाकीच्या ट्यूबांचं भलं झालं, या एकीची मात्र वाट लागली. पेशंटच्या पायांवर जांभळे ठिपके, हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह, रक्तातलं सी-४ हे प्रथिन कमी, म्हणजे क्रायोग्लोब्युलिनचा दाट संशय. आणि आम्ही ‘निगेटिव्ह’ लिहायला निघालो होतो!

क्रायोग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन ३७ अंशांखाली साका धरतं. वाटेतच थंड झालं तर साका गुठळीसोबत सेंट्रीफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र) तळाला जातो आणि वर उरतं स्वच्छ सिरम. ते महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलंत तरी दिसणार काय?

म्हणून सिरिंज आणि ट्यूब आधीच ३७ अंशांवर आणा. सॅम्पल ज्या थर्मासमधून पाठवायचं, त्यातलं पाणी थर्मामीटरनं मोजा. बोट बुडवून ‘कोमट वाटतंय’ चालणार नाही, आणि कढत पाण्यानं तर सॅम्पलच बिघडतं. ठाणे-बेलापूर रोडवर गाडी अडकली की थर्मासही दगा देतो. पेशंटला थेट लॅबमध्ये बोलवावं, हे माझं मत. आमच्या पेशंटला तसंच बोलावलं; तिसऱ्या दिवशी तळाला पांढरा थर दिसला.

ट्यूब लाल झाकणाची, प्लेन. सिरम वेगळं करणारं जेल असलेली नको. रक्त गोठू न देणारं ईडीटीए घेतलंत तर क्रायोफायब्रिनोजेन हे थंडीत साका धरणारं दुसरं प्रथिनही खाली बसतं, तसंच गोठणं रोखणाऱ्या हेपरिनमध्ये वेगळाच साका होऊ शकतो.

गुठळी ३७ अंशांवरच, तास-दोन तास नीट होऊ द्या. घाई केलीत तर उरलेलं फायब्रिन (गुठळीचे तंतू बनवणारं प्रथिन) फ्रिजमध्ये धाग्यांसारखं दिसतं आणि नवखा हमखास फसतो. शंका आली तर थोडं सिरम पुन्हा ३७ अंशांवर ठेवा: क्रायोग्लोब्युलिन विरघळतं, फायब्रिन नाही. एसीच्या खोलीत सेंट्रीफ्यूजही गार असतो, त्यामुळे त्यातल्या ट्यूब ठेवायच्या बकेटसुद्धा आधी तापवायच्या.

मग ४ अंशांवर ७ दिवस. क्रायोग्लोब्युलिनच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ बहुतेकदा २४ तासांत दिसतो, पण टाइप ३ फार थोडा आणि फार सावकाश. दुसऱ्या दिवशी ट्यूब फेकणारे मी पाहिलेत. रोज ट्यूब न हलवता उजेडासमोर धरून बघा, आणि त्याच सिरमचा एक भाग ३७ अंशांवर तुलनेसाठी राखा.

साका मिळाला की धुऊन, विरघळवून इम्युनोफिक्सेशनला (प्रकार ओळखण्याची टेस्ट) द्यायचा. धुण्याचं सलाईन मात्र बर्फासारखं गार हवं. कोमट वापरलंत तर आठवडाभर जपलेला साका थेट सिंकमध्ये.